डोळे येणे आणि बुबुळाची जखम : कॉन्टॅक्ट लेन्सच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातील विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ आणि बहुतांश जंगलाने व्यापलेला तालुका आहे. सुपा धरणाच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले आणि तालुक्याचे मुख्य ठाणे जोयड्याला आले. येथे कोकणी, मराठी, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा एकाच बसमध्ये ऐकू येतात. अशा तालुक्याच्या संदर्भात कॉन्टॅक्ट लेन्ससारखा शहरी वाटणारा विषय का घ्यावा, असा प्रश्न वाचकांना पडेल.

त्याचे उत्तर आपल्या वर्गातच मिळते. रामनगर, कुंभारवाडा, जगलबेट, गणेशगुडी या भागांतील मुले-मुली शिक्षणासाठी दांडेली, हल्याळ, बेळगाव, कारवार किंवा गोव्यात जातात. तेथे लेन्स सहज मिळते, घरपोचही मागवता येते. लग्नसमारंभासाठी डोळ्यांचा रंग बदलणाऱ्या लेन्सची हौस आता खेड्यातही पोहोचली आहे. लेन्स गावापर्यंत आली, पण ती कशी वापरावी आणि तिच्यामुळे डोळा बिघडला तर तो कसा ओळखावा, हे ज्ञान तिच्याबरोबर आले नाही.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही. उर्दू आणि मराठी या भाषा शिकवणे हा त्याचा व्यवसाय. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, कारण या आजारात डोळा गमावण्यामागे जंतूंइतकाच एका शब्दाचाही वाटा असतो, असे अनुभवातून लक्षात आले. हा शब्द कोणता आणि तो घात कसा करतो, हे स्पष्ट करणे आणि शिक्षकांना काय करता येईल ते सांगणे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जोयडा तालुक्यातील एक विद्यार्थिनी आमच्या वर्गात होती. चुलत बहिणीच्या लग्नासाठी तिने तपकिरी रंगाच्या लेन्स घेतल्या. डोळे तपासून घेतले नव्हते. लग्न झाल्यावरही लेन्स वापरणे चालूच राहिले. डबी ती नळाच्या पाण्याने धुवत असे. एकदा रात्रीच्या बसप्रवासात लेन्स न काढताच ती झोपली. सोमवारी ती वर्गात आली तेव्हा तिचा उजवा डोळा लाल होता आणि खिडकीच्या उजेडाकडे तिला पाहवत नव्हते.

मी तिला म्हणालो, "डोळे आलेत तुझे. घरी जा, गुलाबजल घाल आणि इतरांपासून जरा लांब राहा." तिनेही मान डोलावली. घरच्यांनी औषधाच्या दुकानातून थेंब आणले. ते घातल्यावर लाली थोडी कमी झाली, म्हणून दोन दिवस आणखी थांबले. गुरुवारी आईला तिच्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. मग शहरातील नेत्रतज्ज्ञ, तासातासाला थेंब, काही आठवडे उपचार. डोळा वाचला, पण ठिपक्याच्या जागी डाग राहिला आणि त्या डोळ्याची नजर पूर्वीसारखी राहिली नाही.

पुढे तिने मला एकच प्रश्न विचारला : "सर, दोन्ही डोळे आले नव्हते, एकच आला होता. तेव्हाच कळायला हवं होतं का?" होय, कळायला हवे होते, आणि तिच्यापेक्षा मला अधिक. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

शब्दांचा घोटाळा

डोळ्यांच्या विकारांसाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. पापणीच्या कडेला पुटकुळी आली की रांजणवाडी, पापणीच्या आत खडबडीतपणा आला की खुपऱ्या, बुबुळावर मांस चढू लागले की वडस, भिंग गढूळ झाले की मोतीबिंदू, डोळ्यातील दाब वाढून नजर गेली की काचबिंदू. शेतकऱ्यांच्या घरात हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

लाल डोळ्यासाठी मात्र एकच शब्दप्रयोग आहे : 'डोळे आले'. कोकणीत 'दोळे आयले', हिंदी-दखनीत 'आँख आना', लेखी उर्दूत 'आशोब-ए-चश्म', कन्नडमध्ये 'कण्णु बेने'. आपल्या भागात 'मद्रास आय' हे नावही ऐकू येते. या सर्व शब्दांनी मुख्यतः एका साथीच्या आजाराचा बोध होतो. डोळ्याचा पांढरा भाग आणि पापणीची आतली बाजू यांवर जे पातळ आवरण असते, त्याचा हा दाह. तो बहुधा विषाणूमुळे होतो, घरात एकाचा दुसऱ्याला लागतो आणि बहुतेकांचा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली होती. तिच्यात लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील फारच थोड्यांच्या नजरेला कायमचा धोका पोहोचला. म्हणूनच 'डोळे आले' या शब्दात धीर आहे. तो ऐकला की माणूस थांबतो, वाट पाहतो.

दुसरा शब्द 'फूल'. 'डोळ्यात फूल पडले' म्हणजे बुबुळावर पांढरा डाग राहिला. उर्दू-हिंदीत त्यालाच 'फूली' म्हणतात. हा शब्द आजार संपल्यानंतरचा आहे. जखम झाली, भरली आणि तिचा व्रण कायम राहिला, असे तो सांगतो.

आता या दोन शब्दांच्या मधली जागा पाहावी. आरंभी 'डोळे आले', शेवटी 'फूल पडले'. मधे बुबुळावर जी जखम असते, जिच्यावर उपचार होऊ शकतो, तिच्यासाठी आपल्या बोलीत रुळलेला शब्द नाही. डॉक्टर 'अल्सर' म्हणतात. तो शब्द ऐकून लोकांना पोट आठवते. ग्रंथांत 'नेत्रव्रण' आहे, तो कोणी बोलत नाही. नाव नसलेल्या आजाराला शेजारच्या आजाराचे नाव मिळते आणि त्याच्यावर शेजारच्या आजाराचाच उपाय होतो.

जुन्या वैद्यकाने हा भेद फार पूर्वी केला होता, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. दहाव्या-अकराव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेला नेत्रवैद्य अली इब्न ईसा याच्या 'तज़किरतुल कह्हालीन' या अरबी ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिला डोळ्याच्या रचनेचा, दुसरा बाहेरून दिसणाऱ्या रोगांचा आणि तिसरा आत दडलेल्या रोगांचा. बाहेरच्या रोगांतही पापणी, पांढऱ्या भागावरील आवरण आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा यांचे रोग त्याने वेगवेगळे सांगितले. या पडद्याचे अरबी-उर्दू नाव 'क़रनिया'. ते 'क़र्न' म्हणजे शिंग या शब्दावरून आले. डॉक्टरांच्या तोंडचा 'कॉर्निया' हा शब्दही लॅटिनमधील शिंगाच्या शब्दावरूनच आला आहे. शालेय मराठी पुस्तकात त्याला 'पारपटल' म्हणतात. या लेखात आपण पारपटल हा शब्द रचनेसाठी आणि 'बुबुळाची जखम' हा साधा शब्दप्रयोग आजारासाठी वापरू.

पारपटलाची रचना आणि लेन्सचा परिणाम

पारपटल म्हणजे डोळ्याची समोरची काच. तिचा व्यास सुमारे ११ ते १२ मिलिमीटर आणि मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती पारदर्शक राहावी म्हणून तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. शरीराच्या इतर भागांना रक्तातून प्राणवायू मिळतो. पारपटलाला तो मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत मिळतो. रक्त नसल्यामुळे रोगाशी लढणाऱ्या पेशींनाही तेथे पोहोचायला वेळ लागतो. चेतातंतू मात्र तेथे अतिशय दाट असतात. म्हणूनच धुळीचा कण गेला तरी डोळा उघडवत नाही.

एवढ्या उघड्या जागेचे रक्षण तीन गोष्टी करतात. पापणी मिनिटाला १२ ते १५ वेळा मिटून पृष्ठभाग पुसून काढते. अश्रूंत जंतुनाशक द्रव्ये असतात. त्यांतील लायसोझाइमचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२०-३० च्या दशकाच्या आरंभीच लावला होता. आणि पारपटलाचा सर्वांत वरचा पेशींचा थर अखंड असेल तर बहुतेक जंतूंना आत वाट मिळत नाही.

लेन्स या तिन्ही संरक्षणांत थोडी थोडी अडचण निर्माण करते. तिच्यामुळे प्राणवायू कमी पोहोचतो. तिच्याखाली अश्रूंची ये-जा मंदावते. घालताना-काढताना नखाने किंवा धुळीच्या कणाने वरच्या थरावर बारीक ओरखडा उठू शकतो. आजच्या बहुतेक लेन्स मऊ असतात. या प्रकारची लेन्स चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१ मध्ये प्रागमधील आपल्या घरी, मुलांच्या जुळणीच्या खेळण्यातून बनवलेल्या यंत्रावर तयार केली. पाणी शोषून घेणारे प्लास्टिक हे या लेन्सचे वैशिष्ट्य. त्यामुळे ती सोसवते; पण पाण्याबरोबर जंतूही तिला चिकटून राहू शकतात.

याचा अर्थ लेन्स वापरूच नये असा नाही. नियम पाळून वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांना काही होत नाही. अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागात झालेला आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासंदर्भात नेहमी दिला जातो. दिवसा मऊ लेन्स वापरून रात्री काढून ठेवणाऱ्या दर १०,००० लोकांमागे वर्षाला सुमारे ४ जणांना बुबुळाची जखम झाली; लेन्स घालून झोपणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे २१ होते. म्हणजे केवळ झोपण्याच्या सवयीने धोका पाचपट झाला. पापणी मिटलेली, हवा बंद, अश्रू थांबलेले आणि मधे लेन्स, अशी ती स्थिती असते. आमच्या विद्यार्थिनीने बसमध्ये काढलेली रात्र या हिशोबात बसते.

तीन प्रकारचे जंतू

लेन्समुळे होणाऱ्या जखमेत तीन प्रकारचे जंतू प्रामुख्याने आढळतात.

पहिला प्रकार जिवाणूंचा. त्यांत स्यूडोमोनास हा अग्रभागी आहे. तो ओलाव्यात, मोरीत, लेन्सच्या ओल्या डबीत सुखाने राहतो. त्याची गती फार मोठी असते. उपचार झाला नाही तर दोन-तीन दिवसांत तो पारपटलाला भोक पाडू शकतो. वेळेवर योग्य औषध मिळाले तर मात्र तो बहुधा आटोक्यात येतो.

दुसरा प्रकार बुरशीचा. फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस ही त्यांतील प्रमुख नावे. ही बुरशी माती, पालापाचोळा आणि पिकांवर असते. तिची जखम हळूहळू वाढते, म्हणून सुरुवातीला किरकोळ वाटते. तिच्यावर जिवाणूंची औषधे चालत नाहीत.

तिसरा प्रकार अकँथअमीबा या एकपेशीय जीवाचा. तो माती, विहीर, नदी, टाकी, नळ अशा कोणत्याही पाण्यात असू शकतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो दुहेरी कवचात स्वतःला बंद करून घेतो आणि मग पाण्यातील नेहमीच्या क्लोरीनलाही दाद देत नाही. हा आजार दुर्मीळ असला तरी फार वेदनादायक असतो. डोळ्यात दिसणाऱ्या बदलाच्या मानाने वेदना जास्त, हे त्याचे एक लक्षण सांगितले जाते. उपचार महिनोन्‌महिने चालतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून लेन्सचे द्रावण घरीच करण्याची पद्धत हे त्याचे एक ठळक कारण निघाले.

लेन्स आणि पाणी यांची गाठ पडू देऊ नये, हा नियम येथूनच आला. नळाचे पाणी पिण्यास योग्य असले म्हणून ते लेन्सला योग्य ठरत नाही. पोटातील आम्ल जे काम करते ते डोळ्यात करणारे काही नाही. उकळून गार केलेले पाणी किंवा बाटलीबंद पाणीही लेन्ससाठी वापरायचे नसते. लेन्स तोंडात धरून ओली करण्याची सवय तर सर्वथा वाईट.

आंघोळीपूर्वी लेन्स काढून ठेवावी. वजू करताना चेहरा धुतला जातो; त्या वेळी डोळे नीट मिटून घ्यावेत आणि पापण्या कोरड्या केल्यावर उघडावेत. डोळ्याच्या आत पाणी पोहोचवणे वजूसाठी आवश्यक मानलेले नाही, त्यामुळे यात कोणतीही अडचण नाही.

२००६ ची घटना

लेन्सचे द्रावण चांगल्या कंपनीचे असले की पुरे, असा समज असतो. २००६ मधील घटना या समजाला छेद देते. सिंगापूर, हाँगकाँग आणि पाठोपाठ अमेरिकेत मऊ लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युजेरियम बुरशीच्या जखमा अनपेक्षितपणे वाढू लागल्या. शोध घेता बहुतेक रुग्ण बॉश अँड लॉम्ब कंपनीचे 'रेनू विथ मॉइश्चरलॉक' हे द्रावण वापरत असल्याचे आढळले. मे २००६ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. अमेरिकेतील आरोग्य यंत्रणेच्या तपासात १६४ रुग्ण निश्चित झाले. त्यांतील सुमारे एक तृतीयांश रुग्णांवर पारपटल बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. पुढच्याच वर्षी, मे २००७ मध्ये, अकँथअमीबाच्या संदर्भात दुसऱ्या एका कंपनीचे द्रावणही मागे घ्यावे लागले.

या तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली. डबीतील कालचे द्रावण फेकून न देता त्यातच थोडे नवे ओतून वापरणाऱ्यांना धोका अधिक होता. द्रावण महाग असते. काटकसर म्हणून आपल्याकडेही अनेक जण असेच करतात. पण एकदा वापरलेल्या द्रावणाची जंतू मारण्याची शक्ती खर्ची पडलेली असते. त्यात नवे ओतणे म्हणजे आदल्या दिवसाच्या धुणावळीत कपडे धुणे होय.

आपल्या प्रदेशाचा विशेष

आतापर्यंतचे विवेचन शहरांनाही लागू पडेल. जोयड्यासारख्या तालुक्यात त्याला आणखी एक बाजू आहे. येथे बुबुळाची जखम लेन्सच्या आधीपासून आहे आणि तिचे मोठे कारण शेती हे आहे. भातकापणीच्या दिवसांत पात्याचे टोक डोळ्याला लागते, मळणीत कूस उडते, रानात काटा लागतो, झाडावरून कचरा पडतो. अशा ओरखड्यातून बुरशी थेट पारपटलात शिरते.

तामिळनाडूतील मदुराई जिल्ह्यासंबंधी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ११३ जणांना बुबुळाची जखम होत होती. अमेरिकेतील एका परगण्यात हेच प्रमाण सुमारे ११ होते. मदुराईच्याच १९९७ च्या दुसऱ्या अभ्यासात जंतू सापडलेल्या जखमांपैकी सुमारे ४७ टक्के निव्वळ बुरशीच्या निघाल्या. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २००० मध्ये अकँथअमीबाच्या ३९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य देशांत हा लेन्सवाल्यांचा आजार समजला जातो. या ३९ जणांतील एकही लेन्स वापरत नव्हता. डोळ्याला झालेली इजा आणि दूषित पाणी ही त्यांतील काहींची कारणे होती.

म्हणजे आपल्या खेड्यातील मुलगी लेन्स लावते तेव्हा दोन धोके एकत्र येतात. लेन्समुळे येणारा ओरखडा, आणि बुरशी व अमीबा यांनी भरलेली माती व पाणी. सुटीत ती घरी येते, भातकापणीला हात लावते, ओढ्यावर जाते आणि त्याच हातांनी लेन्स काढते. काळी नदीत गणेशगुडीजवळ तराफ्यातून प्रवाहात उतरण्याचा खेळ पर्यटकांना आवडतो. तेथे येणाऱ्या शहरी तरुणांतील कित्येकांच्या डोळ्यांत लेन्स असते आणि पाण्याचे सपकारे थेट डोळ्यांवर येतात. त्यांना सावध करणारा मार्गदर्शक बहुधा आपलाच माजी विद्यार्थी असतो.

या प्रदेशाचा दुसरा विशेष अंतराचा. दांडेलीहून हुबळी सुमारे ७५ किलोमीटर. आतल्या गावांतून आधी दांडेली गाठण्यातच अर्धा दिवस जाऊ शकतो. पारपटलाच्या जखमेत तासांना किंमत असते, म्हणून 'उद्या बघू' हे वाक्य आपल्याकडे शहरापेक्षा महाग पडते.

घरगुती उपाय आणि दुकानातील थेंब

गुलाबजल, मध, आईचे दूध, पाल्याचा रस, सुरमा असे अनेक उपाय मायेपोटी केले जातात. त्यांमागील भावना आदरणीय आहे. परंतु यांतील कोणतीही वस्तू जंतुरहित नसते. जखमी पारपटलावर ती घालणे म्हणजे नवे जंतू आत सोडणे. सुरम्याची एकच सलाई घरातील सर्वांच्या डोळ्यांतून फिरत असेल तर धोका आणखी वाढतो. लेन्स घातलेली असताना सुरमा किंवा काजळ डोळ्याच्या आतील कडेला लावू नये.

याहून मोठा धोका दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या थेंबांचा. अनेक थेंबांत जंतुनाशकाबरोबर स्टेरॉइड असते. स्टेरॉइडमुळे लाली आणि दाह झपाट्याने कमी होतो, रुग्णाला बरे वाटते. पण त्याच वेळी शरीराचा प्रतिकार दबून बुरशी किंवा अमीबा आत मोकळेपणाने वाढतो. आमच्या विद्यार्थिनीची लाली दोन दिवस कमी झाली होती, ती अशीच. स्टेरॉइडचे थेंब नेत्रतज्ज्ञांच्या हातात उपयुक्त औषध आहे. तपासणीशिवाय ते घातक ठरू शकते.

वेळेवर केलेला साधा उपचार किती प्रभावी असतो, याचे उदाहरण नेपाळमधील भक्तपूर येथे मिळाले. तेथील अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातील प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी डोळ्याला ओरखडा झालेल्या लोकांना शोधून तीन दिवस, दिवसातून तीनदा साधे प्रतिजैविक मलम दिले. ज्यांचा उपचार इजेनंतर १८ तासांच्या आत सुरू झाला, त्यांतील एकालाही जखम चिघळण्याचा त्रास झाला नाही. तेथे महागडे यंत्र नव्हते. ओरखडा ओळखणारा माणूस गावातच होता, हाच मुख्य फरक.

ओळख : कोणता लाल डोळा धोक्याचा?

शिक्षकाने निदान करायचे नाही. मात्र पुढील चिन्हांपैकी एकही दिसले तरी त्या डोळ्याला 'डोळे आले' म्हणू नये.

१. विद्यार्थी लेन्स वापरतो, किंवा गेल्या काही दिवसांत डोळ्याला पाते, काटा, माती लागली आहे.
२. लाली एकाच डोळ्यात आहे.
३. खाज किंवा चुरचुर याऐवजी ठणका आहे.
४. उजेड सहन होत नाही.
५. चिपडे पुसल्यावरही धूसर दिसते.
६. बुबुळावर पांढरा किंवा करडा ठिपका दिसतो.

साथीच्या आजारात बहुधा दोन्ही डोळे लाल होतात, घरात किंवा वसतिगृहात इतरांनाही त्रास असतो आणि चिपडे पुसल्यावर नजर साफ असते. तरीही लेन्स वापरणाऱ्याचा लाल डोळा हा तपासणी होईपर्यंत बुबुळाची जखमच समजावा. शंका चुकली तर एक फेरी वाया जाईल. उलट चूक झाली तर नजर जाईल.

अशा वेळी लेन्स ताबडतोब काढावी आणि दुसऱ्या डोळ्यातीलही काढावी. डोळा चोळू नये, त्यावर पट्टी बांधू नये. लेन्स, डबी आणि द्रावणाची बाटली फेकून न देता सोबत न्यावी. त्यांतून जंतू ओळखायला डॉक्टरांना मदत होते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. कारवार, बेळगाव आणि हुबळी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जाता येते. तेथे पोहोचल्यावर पहिले वाक्य "मी लेन्स लावते" हे असावे. अनेक मुली घरच्यांसमोर हे सांगायला कचरतात आणि तेथेच उशीर होतो.

शिक्षकांसाठी काही सूचना

कम्युनिटी कॉलेजचे अभ्यासक्रम कामाशी जोडलेले असतात, म्हणून हा विषय वेगळ्या तासिकेविना त्यांत बसवता येतो.

सौंदर्यप्रसाधनाच्या वर्गात रंगीत लेन्सचा विषय निघतोच. डोळे तपासल्याशिवाय लेन्स देऊ नये, एकीची लेन्स दुसरीला घालू नये आणि आधी लेन्स, मग काजळ-पावडर, तसेच काढताना आधी लेन्स, मग चेहरा धुणे, हा क्रम तेथे शिकवावा. नंबर नसलेली, केवळ शोभेची लेन्सही वैद्यकीय वस्तूच आहे. अमेरिकेने २००५ पासून कायद्याने तसे ठरवले आहे. पर्यटन मार्गदर्शकांच्या वर्गात पाण्यात उतरण्यापूर्वी विचारायच्या प्रश्नांत "डोळ्यांत लेन्स आहे का?" हा प्रश्न घालावा. शेती आणि बागकामाच्या वर्गात कापणी-मळणीच्या वेळी साधा चष्मा वापरण्याची सवय लावावी. वसतिगृहाच्या फलकावर वरील सहा चिन्हे मराठी, कन्नड आणि उर्दूत लावता येतील. हे काम भाषेच्या विद्यार्थ्यांनी करावे.

लेन्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढील नियम सांगावेत. साबणाने हात धुऊन स्वच्छ कपड्याने पूर्ण कोरडे करावेत. लेन्स घालून झोपू नये, दुपारीसुद्धा. द्रावण रोज नवे घ्यावे. रिकामी डबी ताज्या द्रावणाने धुऊन, कोरडी करून पालथी ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. लेन्सची मुदत संपली की ती टाकून द्यावी. परवडत असेल तर रोज नवी वापरायची लेन्स घ्यावी, म्हणजे डबी आणि द्रावण दोन्ही सुटतात. आणि जवळ नेहमी चष्मा ठेवावा. चष्मा नसला की दुखऱ्या डोळ्यातही लेन्स घातली जाते.

समारोप

बुबुळाच्या जखमेवर औषधे आहेत आणि ती परिणामकारक आहेत. अकँथअमीबासारख्या हट्टी जीवासाठीही युरोपात २०२४ मध्ये खास थेंबांना मान्यता मिळाली. डाग राहिलाच तर पारपटल बदलता येते. त्यासाठी कोणीतरी नेत्रदान केलेले असावे लागते. हे सर्व उपाय रुग्ण वेळेवर पोहोचला तरच कामी येतात, आणि तो वेळेवर निघण्यासाठी आपल्याला काय झाले आहे याचे नाव त्याला ठाऊक असावे लागते.

औषध देणे आपले काम नाही. योग्य शब्द देणे हे मात्र शिक्षकाचेच काम आहे. 'डोळे आले' आणि 'फूल पडले' यांच्यामधली मोकळी जागा 'बुबुळाची जखम' या दोन सोप्या शब्दांच्या ओळखीने भरून काढता येईल. वर्गात एखादा विद्यार्थी एक डोळा लाल करून, उजेड टाळत बसलेला दिसला, तर त्याला घरी पाठवण्यापूर्वी एवढेच विचारावे : लेन्स लावतोस का, डोळ्याला काही लागले होते का? मी त्या सोमवारी हे विचारले नव्हते. वाचकांनी ते विचारावे, ही विनंती.